अठरावं मत : आईबरोबर रोममध्ये सहा दिवस

मी नाशिक रोडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जुलैत प्राचीन रोम असतो. फळ्यावर 'राजे', 'प्रजासत्ताक', 'सम्राट' असे तीन शब्द लिहायचे, मध्ये दोन बाण काढायचे आणि चार तासांत हजार वर्षं उरकायची. सोळा वर्षं मी हेच करत आले. रोम मात्र पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी पैसे जमले, मे महिन्याची सुट्टी मिळणार होती, आणि मी नवऱ्याला म्हटलं, "या वेळी जाऊच."

तो म्हणाला, "मला पडके खांब बघायचा कंटाळा येतो गं. त्यापेक्षा आईंना घेऊन जा. घराबाहेर तरी पडतील त्या."

आई म्हणजे माझी आई, हिराबाई. वय बासष्ट, शिक्षण सातवी, घोटीच्या पुढे डोंगराच्या पोटाशी असलेल्या आमच्या गावात दोन एकर भातशेती. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. महिला आरक्षणात आई सरपंच झाली आणि अडीच वर्षांनी अविश्वास ठराव आणून तिला खाली उतरवलं. कारण पाण्याचं होतं. नवी नळयोजना आली तेव्हा आई अडून बसली, की पाइप आधी वरच्या वाडीला जाईल; तिथल्या बायका हंडे घेऊन पाऊण तास चालतात. खालच्या आळीला ते पटलं नाही. नऊ सदस्य होते, उतरवायला सात हात लागणार होते. सहा वर झाले. सातवा माझ्या काकाचा, दशरथकाकाचा. आई लग्न होऊन आली तेव्हा हा दीर सहा वर्षांचा होता. तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत धाडलं.

या ठरावाला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आई पंचायतीच्या रस्त्याने जात नव्हती आणि काकाशी एक शब्द बोलत नव्हती. दोघांचं अंगण एकच आहे. मधे कमरेएवढी भिंत.

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. ती फोनवर म्हणाली, "मे लागस्तोवर रोपाचा राब भाजून व्हईल. मग पाऊस पडस्तोवर मी मोकळीच. किती दिवसांचं काम?"

पासपोर्टला दोन महिने लागले. व्हिसासाठी दोघींना मुंबईला जावं लागलं. मे महिन्यात जायचं असेल तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी फेब्रुवारीतच हालचाल करा. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर त्याचं बँकेचं पासबुक, सातबारा, सगळं जवळ ठेवा. खिडकीतल्या मुलीने आईला हिंदीत विचारलं, "वहाँ क्या देखेंगे?" आईने सांगितलं, "पंचायत." मुलीने मान डोलावून शिक्का मारला.

पहाटे मी नाशिक रोडहून निघाले आणि घोटीच्या चौकात आईला गाडीत घेतलं. नऊवारी, पायात मी आणून दिलेले पांढरे बूट, मांडीवर पिशवी. पिशवीत नागलीच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि कुरडया होत्या. "कुरडया कुठे तळणार आहेस?" मी विचारलं. "तळायला नाय. तशाच खायच्या." आता इगतपुरीपासून नव्या महामार्गाने कसारा घाट टाळून जाता येतं, टोल पडतो पण तासभर वाचतो. विमान आखाती देशात चार तास थांबणारं घेतलं होतं. थेट जाणाऱ्यापेक्षा बरंच स्वस्त, आणि वयस्क माणसाचे पाय मोकळे होतात.

रोमच्या विमानतळावरून टर्मिनी नावाच्या मुख्य स्टेशनपर्यंत गाडी आहे. मी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक खोली घेतली होती, चुलीसकट. हा भाग फार देखणा नाही, पण शाकाहारी माणसाला फार सोयीचा. जवळच्या बाजारात बांगलादेशी माणसांची दुकानं आहेत. तिथे कोथिंबीर, हिरवी मिरची, तूरडाळ, सगळं मिळतं. दुकानदाराने आईकडे बघून विचारलं, "अम्मा, कहाँ से?"

"नाशिक."

"वो अंगूरवाला?"

"अंगूर निफाडमें. हमारे उधर भात," आई म्हणाली आणि त्याच्या गोणीतला तांदूळ तळहातावर घेऊन दाताखाली फोडून पाहिला. "जुना हाय. चांगला हाय," तिने मला सांगितलं. सहा दिवस आम्ही त्याच तांदळावर काढले. बाहेर एकदाच भात खाल्ला, रिसोत्तो. आईने वाढणाऱ्याला खूण करून ताट परत दाखवलं: शिजला नाही अजून. तो हसला, आम्हीही हसलो. हा भात तसाच कणीदार ठेवतात, हे मला नंतर कळलं. पिझ्झा मात्र तिला आवडला. वजनावर कापून देतात, तो घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, पाहायला निघालो. वाटेत कोपऱ्यावर एक लोखंडी खांब होता, त्याच्या नळीतून पाणी धो धो वाहत होतं. आई थांबली. चारी बाजूंनी फिरून तिने तोटी शोधली. सापडेना.

"वैशाली, हे बंद कुठून करायचं?"

"आई, ते बंद होतच नाही. शहरभर असे नळ आहेत. कायम वाहतात. प्यायचं पाणी आहे, फुकट."

ती बघतच राहिली. तेवढ्यात बाजाराची पिशवी घेतलेली एक म्हातारी आली. तिने नळीचं तोंड बोटाने दाबलं, तशी वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उसळली, आणि ती वाकून प्यायली. मग आईला खुणेने म्हणाली, आता तुम्ही. आईने पदर खोचला, बोट दाबलं, प्यायली, आणि तोंड पुसत खांबावर कोरलेल्या अक्षरांवर हात ठेवला. "काय लिव्हलंय?"

"एस पी क्यू आर. म्हणजे सिनेट आणि रोमची जनता. दोन हजार वर्षांपूर्वी सगळ्या सरकारी कामांवर हेच लिहायचे. अजून लिहितात. गटाराच्या झाकणावरसुद्धा."

"सभा आन् लोक," आई म्हणाली. "दोघांची नावं. बरंय." खांबावर हात ठेवून ती अजून थोडी थांबली. मला ठाऊक होतं तिच्या डोळ्यांपुढे कोणता नळ आहे.

फोरमचं तिकीट आधी ऑनलाइनच काढा. कोलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन टेकडी असं एकत्र मिळतं, मला माणशी अठरा युरो पडले. पाण्याची बाटली रिकामी न्या, आत नळ आहेत. टोपी विसरू नका, सावली फारच कमी आणि वाट ओबडधोबड दगडांची. आईचे बूट तिथे कामी आले.

मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले. आधी राजे होते. शेवटच्या राजाला हाकलून दिलं आणि ठरवलं, पुन्हा राजा नको. मग दोन कॉन्सल निवडायचे, एकाच वर्षासाठी, आणि एकाने दुसऱ्याला अडवायचं.

"दोन सरपंच?" आई थांबली. "चालायचं का गाव?"

"चारशे-साडेचारशे वर्षं चाललं."

"आन् मग?"

"मग भांडणं खूनखराब्यावर गेली. एकेक सेनापती सैन्य घेऊन शहरातच शिरायला लागला. सीझरला सभेत भोसकून मारलं. त्याच्या मागून ऑगस्टस आला. त्याने काहीच मोडलं नाही. सिनेट भरायची, निवडणुका व्हायच्या, सगळी पदं तशीच. फक्त सगळं त्याच्या मनासारखं व्हायचं."

"ठराव आधीच लिव्हून यायचा," आई म्हणाली. "म्हाईत हाय."

सिनेटची इमारत उभी आहे, विटांची, उंच. हे बांधकाम बरंच नंतरचं, पण जागा जवळपास तीच. आमच्या नशिबाने त्या दिवशी आत सोडत होते. दोन्ही बाजूंना रुंद, बुटक्या पायऱ्या, त्यावर खुर्च्या मांडून तीनशे-चारशे सिनेटर बसायचे. मी आईला ट्रिब्यूनबद्दल सांगितलं. गरिबांनी भांडून मिळवलेलं पद. सिनेटचा कोणताही ठराव एका शब्दाने अडवता यायचा: नाही. पण जुने इतिहासकार लिहितात, की सुरुवातीला ट्रिब्यूनला सभेच्या आत येऊ देत नसत. दाराबाहेर बाक टाकलेला असे. तिथे बसून तो ऐकायचा.

आई दाराकडे गेली. उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि बाहेरून आत पाहिलं.

"पयल्या सभेला मी गेले," ती म्हणाली, "तर माझ्या खुर्चीत उपसरपंच बसलेला. उठलाच नाय. ग्रामसेवकाने मला दाराशी खुर्ची दिली. मी म्हटलं, आसू दे. तितून वाडीवरच्या बाया मला दिसत व्हत्या. बाहेर उन्हात उभ्या व्हत्या, आत यायला भीत व्हत्या. आतून दिसल्या नसत्या."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी रोमवर सोळा वर्षं बोलत होते, आणि तिच्या पहिल्या सभेबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

इमारतीच्या सावलीत बसून आम्ही भाकरी खाल्ली. (आत खाऊ नका असं लिहिलेलं असतं; आम्ही कोपऱ्यात, कण न सांडता.) तिथे मी तिला तिबेरियस ग्राखसची गोष्ट सांगितली, कारण ती तिला आवडेल याची मला खात्री होती. तिबेरियस ट्रिब्यून होता. श्रीमंतांनी सरकारी जमिनी बळकावल्या होत्या, त्याने कायदा आणला: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन परत घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची. लोक त्याच्या बाजूने होते. पण दुसरा एक ट्रिब्यून, ऑक्टेवियस, म्हणाला: नाही. एका नाहीने सगळं थांबलं. मग तिबेरियसने लोकांच्या सभेपुढे ठराव मांडला, की या ऑक्टेवियसला पदावरून काढा. असं आधी कधी झालं नव्हतं. लोकांनी मतं दिली, त्याला काढलं, कायदा झाला.

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच होता.

"म्हंजे अविश्वास ठराव."

दरवर्षी मी तिबेरियसला नायक म्हणून शिकवते. ऑक्टेवियसवर माझं एकच वाक्य असतं. ही गोष्ट मी माझ्याच आईला, तिला खाली उतरवलेलं असताना, मोठ्या उत्साहाने सांगत होते.

"तो वाईट माणूस व्हता का, दुसरा?" तिने विचारलं.

"नाही. दोघं मित्र होते. त्याच्याकडेही सरकारी जमीन होती. तिबेरियस म्हणाला, तुझं नुकसान मी माझ्या पदरचं भरून देतो. तो ऐकेना. एकूण पस्तीस मतदारगट होते, अठरा झाले की बहुमत. सतरा गटांनी 'काढा' म्हणून मत दिलं आणि तिबेरियसने मोजणी थांबवली. सगळ्यांदेखत ऑक्टेवियसचे हात धरले, मिठी मारली, विनवलं, की अजून हो म्हण, मला हे करायला लावू नकोस. ऑक्टेवियसच्या डोळ्यांत पाणी आलं. पण समोर श्रीमंत मंडळी उभी होती, त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, तुला करायचं ते कर."

"आन् अठरावं मत पडलं."

"पडलं."

आईने भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. त्या दिवशी पुढे पॅलाटाइनवर चढलो, सम्राटांचे महाल पाहिले, कोलोसियममध्ये पोचायला चार वाजले. मी स्वतःला शिव्या देत होते.

तिसऱ्या दिवशी कॅपिटॉल टेकडीवर गेलो. चढण लांब आहे पण पायऱ्या सोप्या. वरच्या चौकाच्या मागच्या कठड्यावरून सगळा फोरम एका नजरेत येतो, तेही फुकट. तिकीट काढायचं नसेल तर निदान इथे या. याच टेकडीवर तिबेरियस मेला. दुसऱ्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सिनेटरच बाकांचे पाय मोडून हातात घेऊन धावून आले. त्याला आणि त्याच्या शेकडो माणसांना बडवून मारलं, प्रेतं नदीत टाकली. मी हे सगळं थोडक्यात सांगणार होते, पण आईनेच विचारलं, "नदी कुठंय?"

चालत पंधरा मिनिटं. टायबर आपल्या नाशिकच्या गोदावरीपेक्षा फार मोठी नाही, हिरवट, संथ. दोन्ही तीरांवर उंच दगडी भिंती आणि प्लेन नावाची रुंद पानांची झाडं. पुलाच्या कठड्याशी आई उभी राहिली.

"त्याच्या आईला सापडला का तो?"

"नाही. भावाने देह मागितला होता. दिला नाही."

पुलावरून दोन मुली आइस्क्रीम खात, काहीतरी भांडत गेल्या. मग आई म्हणाली, "वैशाली, त्याने खरंच हात धरले? सगळ्यांसमोर?"

"असं लिहून ठेवलंय."

"मी नव्हते धरले." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "सहा हात वर झाले. दशरथ खाली बघत बसलेला. मला वाटलं, तो करणारच नाय. मग वाटलं, बघू, करतो का. मी गप बसले. एक शब्द बोलले असते, दशरथ नुसतं म्हटलं असतं तरी. पन मला वाटलं, ज्याचं नाक मी पुसलं त्याला मी विनवू? सगळ्यांदेखत?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी ती मला जवळ घ्यायची तेव्हा तिच्या पदराला धुराचा वास यायचा. आता साबणाचा येत होता, खोलीतल्या साबणाचा.

"तू विनवलं असतंस तरी त्याने हात वर केलाच असता," मी म्हटलं.

"आसंल. तो दुसराबी ऐकला नायच. पन पयल्याने इचारलं तरी व्हतं."

उरलेले दिवस आम्ही निवांत घालवले. जिथे सीझर मारला गेला त्या खड्ड्यासारख्या चौकात आता मांजरं पाळतात. आईने पाऊण तास मांजरं मोजली, एकोणीस भरली. मेट्रोने जाऊन जुन्या पाणकालव्यांच्या कमानींखाली फिरलो. गवतातून मैलभर चालत गेलेल्या त्या कमानींखाली उभं राहून आईने विचारलं, उतार किती दिला असेल. मला माहीत नव्हतं. तिने एक डोळा मिटून कमानींची रांग पाहिली आणि म्हणाली, "लय थोडा. पन दिलाय." रोमला जाणार असाल तर ही जागा चुकवू नका, गर्दी नाही, तिकीट नाही, आणि बरोबर पाइपलाइन समजणारं माणूस असेल तर आणखी मजा.

परत आल्यावर मी आईला गावी सोडायला गेले आणि रात्र तिथेच काढली. सकाळी ती अंगणात आली, भिंतीपाशी उभी राहिली आणि हाक मारली, "दशरथ. चहा ठेवलाय. ये."

पलीकडे नांगराचा फाळ घासायचा आवाज चालला होता, तो बंद झाला. थोड्या वेळाने काका आला. पन्नाशीचा माणूस, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा ओटीच्या कडेला टेकला. आईने कप त्याच्या हातात दिला आणि सरळ विचारलं,

"त्या दिवशी हात वर करताना माझ्याकडं का नाय पाहिलं?"

काका कपात बघत म्हणाला, "वैनी, मला खालच्या आळीवाल्यांनी सांगितलं व्हतं, ठरावाला हात नाय केला तर तुझ्या शेताचा रस्ता बंद करू. वाट त्यांच्याच बांधावरून जाते." मग म्हणाला, "तुमच्याकडं पाहिलं असतं तर हात उचललाच नसता. म्हनून नाय पाहिलं."

"मी हाक मारली असती तर?"

"तुमी मारलीच नाय."

"नाय मारली," आई म्हणाली. "ती माझी चूक." मग तिने त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी चुलीपाशी होते, मान वळवून घेतली, पण ऐकू येत होतं. "आता इचारते. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वरच्या वाडीच्या पाण्याचा ठराव मी पुन्हा मांडनार हाय. सरपंच म्हनून नाय, गावातली बाई म्हनून. तू या खेपेलाबी सदस्य हायेस. बोलशील?"

काका म्हणाला, "रस्त्याचं काय करू?"

"ते मला म्हाईत नाय," आई म्हणाली. "खोटं कशाला सांगू."

तो चहा न पिताच गेला. आईने तो कप उचलला आणि स्वतः प्यायली.

पंधरा ऑगस्टला मी कॉलेजच्या झेंडावंदनामुळे जाऊ शकले नाही. जे झालं ते वाडीवरच्या एका मुलीने मला फोनवर सांगितलं. आईने ठराव मांडला. कुणी हसलं, कुणी ओरडलं. दशरथकाका उठला. तो फार काही बोलला नाही. म्हणाला, मागल्या टायमाला मी भिऊन मत दिलं, हे लिहून घ्या. वाडीवरच्या बाया या वेळी दारात थांबल्या नाहीत, आत येऊन बसल्या होत्या. ठराव मंजूर झाला. पाइप अजून पडायचे आहेत, पण मोजणीला माणूस येऊन गेला. काकाच्या शेताची वाट पुढच्याच आठवड्यात काटे टाकून बंद केली. यंदा त्याची भाताची आवणी आईच्या शेतातून रस्ता काढून झाली. तिचा एक वाफा त्यात गेला.

रोमला जाऊन काय मिळालं, असं कॉलेजात विचारतात. फोटो आहेत, पायांना आलेले फोड बरे झाले. या वर्षी तिबेरियसपाशी आले तेव्हा मी फळ्याकडे वळलेच नाही. पूर्ण तास ऑक्टेवियसवर गेला, आणि मुलं भांडली, कोण बरोबर म्हणून. मला निकाल देता आला नाही. माझा अभ्यासक्रम एक तास मागे आहे.

काल आईला फोन केला तेव्हा विचारलं, "काकावरचा राग गेला का गं?"

"नाय गेला," ती म्हणाली. मागे भांडी वाजत होती आणि कुणीतरी पुरुष खोकत होता. "पन आता तो त्याच्यावरच काढता येतो. तीन वर्सं भिंतीवर काढत व्हते."